तिसऱ्या खुर्चीवरची सिल्वी

रौहाला गावच्या टाउन हॉलमध्ये निवडणुकीच्या दिवशी टेबलामागे तीन खुर्च्या लागतात, आणि त्यातली तिसरी भरणं ही गावाची कायमची डोकेदुखी. मिनेसोटाचा कायदा असा की मतदान घेणारे तिघंही एकाच पक्षाचे असता कामा नयेत. दोघं एका पक्षाचे असले तर तिसरा दुसऱ्या पक्षाचा हवा. कायदा करणाऱ्यांनी तो चांगल्याच हेतूनं केला असणार. पण आमच्याकडे तेव्हा लोखंडाच्या खाणीत राबणारी फिनिश आणि स्लोव्हेनियन घरं सोडली तर दुसरं कुणी नव्हतं, आणि ती सगळी घरं पाळण्यापासून डेमोक्रॅट. अशा गावात रिपब्लिकन आणायचा कुठून, याचं उत्तर कायद्यात नव्हतं.

गावात एक होता. किराणा दुकानाचा मालक. त्याच्या गुडघ्यांनी थंडीपुढे हात टेकले आणि तो ॲरिझोनाला निघून गेला. १९७६ सालची गोष्ट. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली, खुर्ची रिकामी. तेव्हा गावाचं दप्तर सांभाळणारे म्हातारे ऑस्कर नीएमी एका सकाळी सिल्वी झालारच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. सिल्वी तेव्हा तिशीच्या आतली. माहेरची कोस्केला, नवरा लुडविक खाणीत ड्रिलवर, पदरात एक मुलगी. ती वेलदोड्याच्या पुल्ला-पावाची कणीक मळत होती.

"सिल्वी, तुला रिपब्लिकन व्हायचंय," ऑस्कर म्हणाले.

"किती दिवस?"

"मतदान होऊन मोजणी संपेपर्यंत. मग ये परत माणसांत."

सिल्वीला हसू आलं, पण हात थांबले. "आणि आमच्या भावाला, रेइनोला, काय सांगू?"

"त्याला काय सांगायचंय? मत तुझं, ते कुणाला द्यायचं ते तुझं तू बघ. खुर्ची मात्र गावाची आहे. ती रिकामी दिसली की काउंटीवाले आपलं केंद्र बंद करतील, आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बर्फातून दुसऱ्या गावी धाडतील."

"पण हे खोटं आहे ना, ऑस्करकाका?"

"अर्धंच. सही कर, कॉफी गार होतेय."

सिल्वीनं कणकेचे हात पुसले आणि सही केली. मतदान केंद्रात ती पुढे कित्येक वर्षं बसली, पण पडद्याआड तिचं मत पहिल्या दिवसापासून डेमोक्रॅटलाच पडत होतं. हे ऑस्करना माहीत होतं आणि लुडविकला न विचारता कळलं होतं. तिसऱ्या कुणाला ते सांगायची सोय नव्हती, कारण ते बाहेर फुटलं असतं तर खुर्ची खोटी ठरली असती आणि केंद्र गेलं असतं. एका दिवसाची म्हणून घेतलेली खुर्ची मग तिच्या गळ्यातच पडली, कारण पुढच्या कुठल्याच खेपेला दुसऱ्या कुणी हात वर केला नाही.

रेइनो कोस्केला तिचा थोरला भाऊ. खाणीतल्या युनियनचा पुढारी, आवाज असा की बैठकीत त्याला माईक लागत नसे. त्यांच्या आजोबांना संपात पुढे होते म्हणून कामावरून काढलं होतं, आणि त्या हिवाळ्यात घरानं सशाच्या मांसावर दिवस काढले होते. ही हकिकत कोस्केलांच्या घरात जेवणाच्या टेबलावर मिठासारखी हाताशी असे. त्या घरातली मुलगी मालकांच्या पक्षाच्या, रिपब्लिकनांच्या खुर्चीत.

सुरुवातीला रेइनोनं ते थट्टेवारी नेलं. दर शनिवारी संध्याकाळी तो बायकोला घेऊन सिल्वीच्या परसातल्या सॉनात यायचा. टॉवेल गुंडाळून सगळे लाकडी बाकांवर बसायचे, तापल्या दगडांवर पाणी पडायचं, आणि सिल्वी आत आली की हा ओरडायचा, "दार लावा रे, रिपब्लिकन आली. गरिबांची वाफसुद्धा बाहेर घालवेल." सॉनात अंगावर हलकेच मारायची असते ती बर्चच्या डहाळ्यांची जुडी सिल्वी त्याच्या पाठीवर जरा जोरातच हाणायची. सॉनात माणूस चिडत नाही, अशी आमच्याकडची समजूत आहे.

मग वाईट वर्षं आली. पोलादाला उठाव राहिला नाही, खाणीतल्या पाळ्या एकामागून एक बंद झाल्या. रेइनोची पाळीही गेली. ज्यानं इतरांच्या नोकऱ्या वाचवायला घसा फोडला, तो स्वतः बेकारीच्या रांगेत उभा राहिला. १९८४ची निवडणूक झाली तेव्हा मोजणीच्या टेबलावर सगळ्यांनी पाहिलं की रिपब्लिकनांचा ढीग, जो एरवी पानासारखा पातळ असे, तो चांगला जाडजूड झालाय. कुठल्या कागदावर कुणाचा हात फिरला ते कळायची सोय नव्हती. पण गावाला एक नाव ठाऊक होतं, आणि ते नाव रेइनोच्या बहिणीचं होतं.

त्या शनिवारी तो एकटाच आला. सॉना झाल्यावर दोघं बाहेरच्या पायरीवर कॉफी घेऊन बसले. अंगातून वाफा निघत होत्या, तळ्यावर कडेकडेनं बर्फ धरू लागला होता.

"आपल्या गावात त्यांची मतं एवढी वाढली," रेइनो म्हणाला. "कोण आहेत ते?"

"मला कसं कळणार? कागदावर नाव नसतं."

"तुझं एक त्यात आहे की नाही, तेवढं सांग."

सिल्वीच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. पण रेइनोच्या पोटात काही राहत नसे. बहिणीवरचा डाग पुसला जातोय म्हटल्यावर तो रात्रीच्या आत युनियन हॉलमध्ये जाऊन ते सांगून आला असता, आणि दुसऱ्या दिवशी ऑस्करना तोंड लपवायला जागा उरली नसती. हे एक कारण झालं. दुसरं कारण तिला जास्त टोचलं. ज्या भावानं याच तळ्यात तिला हनुवटीखाली हात धरून पोहायला शिकवलं, त्यानं हे विचारावं?

"मी माझं मत कुणाला सांगत नाही, रेइनो. लुडविकलाही नाही."

"मी लुडविक नाही. मी तुझा भाऊ आहे."

"म्हणून तर विचारायला नको होतंस."

त्यानं अर्धा कप पायरीवर ठेवला आणि ओल्या केसांनीच गाडीत जाऊन बसला. त्यानंतर तो तिच्या सॉनात आला नाही. पुढच्या बैठकीत तो म्हणाला म्हणे, "फितूर बाहेर कशाला शोधता? माझ्या घरातच आहे." हे तिच्यापर्यंत पोचवणारे पुष्कळ निघाले. फितूर हा शब्द खाणीच्या गावात साधा नसतो. तो एकदा माणसाला चिकटला की त्याच्या मुलाबाळांनाही पुरतो.

सिल्वी रडली का, ते लुडविकला माहीत असेल. लोकांनी तिला पुढच्या निवडणुकीला पुन्हा त्याच खुर्चीत पाहिलं, केस नीट विंचरलेले, टोकदार पेन्सिली मांडलेल्या. बहीणभाऊ मयतीला भेटायचे. रेइनोची बायको हेल्मी गेली तेव्हा सिल्वीनं कॉफी आणि पाव केला, आणि लुडविक गेला तेव्हा रेइनोनं शवपेटीला खांदा दिला. कबरीपाशी तो तिला "सांभाळ" एवढंच म्हणाला. एकाच तळ्याच्या दोन टोकांना दोन घरं, मधे पाणी, आणि एकाचा दिवा दुसऱ्याला दिसायचा. एवढ्या जवळ राहून माणसं किती लांब राहू शकतात, ते आमच्या गावानं वर्षानुवर्षं पाहिलं आणि त्याची सवय करून घेतली.

इकडे गाव सरकत होतं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला ढीग बघणं म्हणजे दाराच्या चौकटीवर पोराची उंची मांडण्यासारखं. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही, चार वर्षांनी रेघ ओढली की कळतं. युनियन हॉलचं छत गळायला लागलं, मग तो विकला गेला. पोरं शिकायला शहरात गेली ती तिकडचीच झाली. नव्या खाणीचा विषय निघाला की शहरातले लोक तळी वाचवायला धावून येत, आणि गावातले म्हणत, तळी वाचवा, पण आम्हाला कोण वाचवणार? बंदुकीवरून वाद, चर्चमध्ये वाद, टीव्हीवर वाद. अख्खा आठवा मतदारसंघ, ज्यानं पिढ्यान् पिढ्या एकाच पक्षाचा खासदार वॉशिंग्टनला पाठवला, तो कुशीवर वळावा तसा वळला.

आणि गंमत म्हणजे दक्षिणेकडे नेमकं उलटं चाललं होतं. सिल्वीची मुलगी कारीन मिनियापोलिसजवळच्या उपनगरात राहते. तिच्या सासरची मंडळी बँकवाली, तीन पिढ्यांचे रिपब्लिकन. त्यांच्या अंगणातल्या पाट्या एका निवडणुकीत गायब झाल्या आणि पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याच रंगाच्या लागल्या.

"आई, इकडे सगळे आता आमच्या बाजूचे झालेत," कारीन फोनवर म्हणायची. "सासरेबुवासुद्धा. तू तेवढी राहिलीस."

"राहिले खरी," सिल्वी म्हणायची आणि हवापाण्याचं विचारायची. लेकीलाही ती आयुष्यभर तिकडचीच वाटत आली, हे तिला रेइनोच्या खालोखाल लागायचं.

२०१६ला रौहाला गाव उलटलं. आधीच्या खेपेला डेमोक्रॅटांचा ढीग मोठा होता, या खेपेला छोटा झाला. टेबलाभोवतीच्यांनी दोन्ही ढीग पुन्हा एकदा मोजले. त्यानंतर दुकानात, पोस्टात लोक सिल्वीशी जरा जास्तच गोड वागू लागले. कुणी डोळा मिचकावायचं. "तू काय बाई, आधीपासूनच आपली," असं तिला ज्यांनी म्हटलं, त्यांच्यातल्या निम्म्यांनी तिला एके काळी सॉनाला बोलावणं बंद केलं होतं. सिल्वी मान हलवून पाव पिशवीत टाकायची. घरी येऊन कधी कधी मात्र ती खुर्चीत नुसतीच बसून राहायची. गाव तिच्याकडे आलं होतं, आणि ती तिथं कधी नव्हतीच.

परवाच्या, म्हणजे २०२४च्या उन्हाळ्यात मार्सी टॉल्वानेन तिच्याकडे आली. मार्सी मासेमारीच्या आमिषांचं दुकान चालवते आणि ऑस्करांचं काम आता तिच्याकडे आहे. बोलायला तिखट, मनानं सरळ.

"सिल्वीकाकू, रागावू नका," ती म्हणाली. "तुम्हाला डेमोक्रॅट व्हावं लागणार आहे."

सिल्वीनं चष्मा काढला.

"बाकी दोघं आम्ही रिपब्लिकन. तिसरा मिळेना. दोनचार घरं आहेत तशी, पण सही करायला कुणी धजत नाही, शेजारी तोंड फिरवतील म्हणून. तुम्ही केलीत तर कुणी मनावर घेणार नाही. तुम्ही किती पक्क्या आहात ते सगळ्यांना माहितेय."

सिल्वी हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. डोळ्यांत पाणी आलं. मार्सीला वाटलं, म्हातारीला फारच मजा वाटली. सिल्वीनं सही केली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या जागी खरं लिहिलं होतं, आणि ते गावासाठी केलेलं एक खोटं म्हणून मार्सी हसत घेऊन गेली.

त्याच आठवड्यात तिनं मनाशी ठरवलं, आता रेइनोला सांगायचं. ऑस्कर गेले, लुडविक गेला, जुन्या खुर्चीचा जाब विचारायला कुणी उरलं नाही. रेइनो ऐंशीचा झाला होता. साखरेनं त्याचे डोळे नेले होते, समोरच्याचा नुसता आकार दिसायचा. निवडणूक झाली की पुल्ला घेऊन त्याच्या दारात जायचं आणि म्हणायचं, तुझी बहीण फितूर नव्हती रे. एवढं एक वाक्य. ती भांडी घासताना ते पुटपुटून बघायची.

पण त्याच्याकडे जायच्या आधी तोच आला. मतदानाच्या दिवशी दुपारी, शेजाऱ्याच्या हाताला धरून, काठी टेकत. हॉलमधले लोक बाजूला झाले.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "कुणीतरी खूण करायला हवी."

"शेजाऱ्यांना घ्या ना आत," मार्सी म्हणाली.

"शेजारी गप्पिष्ट आहे. तुमचा नियम आहे ना, दोन पक्षांच्या दोघांनी मिळून करायची? तसं करा."

आता दुसऱ्या पक्षाचं म्हणजे सिल्वी. दुसरं कुणी नव्हतंच. दोघी त्याला घेऊन आडोशामागे गेल्या. मार्सीनं राष्ट्राध्यक्षपदाची नावं हळू आवाजात वाचली. पेन सिल्वीच्या हातात होतं.

रेइनोनं नाव घेतलं. रिपब्लिकन उमेदवाराचं.

पेन कागदावर टेकलं नाही. आजोबा, सशाचं मांस, गळणारा हॉल, "माझ्या घरातच आहे" म्हणणारा तो आवाज, सगळं एकदम तिच्या छातीत आलं. तिला राग आला. इतका की क्षणभर तिला वाटलं, पेन टाकून द्यावं आणि इथंच सगळ्यांसमोर सांगावं.

"हात का थांबला?" रेइनो म्हणाला. "बरोबर ऐकलंस. ही पहिली खेप नाही."

"रेइनोकाका, इथं असं बोलायचं नसतं," मार्सी म्हणाली.

"उमेदवाराविषयी बोलायचं नसतं. मी बहिणीविषयी बोलतोय." त्यानं आवाज खाली आणला. त्याला आवाज खाली आणताना सिल्वीनं कधी ऐकलं नव्हतं. "सिल्वी, तुला तेव्हाच दिसलं होतं. मला दिसायला सगळं जावं लागलं. नोकरी, युनियन, हेल्मी. आणि तोवर मी तुला काय काय म्हणत फिरलो. तुला इथं डेमोक्रॅट म्हणून बसवलंय, ऐकलं मी. गावासाठी बसली असशील. तू नेहमीच... मला माफ कर."

मार्सी भिंतीकडे बघू लागली. मतदान केंद्रात बसणाऱ्यानं मतदाराशी त्याच्या मतावर चकार शब्द बोलायचा नाही, हे सिल्वी नव्या लोकांना गेली कित्येक वर्षं शिकवत आली होती. त्या नियमानं तिला त्या घडीला वाचवलं. तिनं खाली वाकून त्या नावापुढचं वर्तुळ काळं केलं, पूर्ण, कडेबाहेर न जाता, तिच्या सवयीप्रमाणे. मग खासदाराचं. मग खालची सगळी.

बाहेर येताना त्यानं विचारलं, "शनिवारी सॉना अजून तापवतेस?"

"तापवते."

"येऊ?"

"ये."

शनिवारी हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. पहाटेपासून रानातून बार ऐकू येत होते, आणि रेइनो, ज्यानं डोळे होते तोवर तो दिवस कधी चुकवला नाही, तो शेजाऱ्याच्या गाडीतून टॉवेल काखेत घेऊन उतरला. सिल्वीनं त्याला हात धरून पायरी चढवली. हात हलका झाला होता, नुसती कातडी.

ती दिवसभर विचार करत होती. सांगायचं वाक्य तयार होतं, ते अजून खरं होतं. पण सांगितलं तर पुढं काय? आपण हललो नाही आणि तो हलला, एवढाच त्याचा अर्थ होणार. फितूर हा शब्द त्यानंच तिला चिकटवलेला. तो तिच्यावरून निघाला की सरळ त्याच्या अंगावर जाणार, आणि या वयात, या डोळ्यांनी, एकट्या घरात रेइनो त्या शब्दासोबत बसून राहणार. माफी मागायला त्याला जन्म गेला. ती परत कशी करायची?

आत काळोख होता, स्टोव्हच्या फटीतून तेवढा उजेड. दोघं वरच्या बाकावर बसले. दगड चांगले तापले होते.

"आता कुणी नाही," रेइनो म्हणाला. "आता तरी सांग. त्या दिवशी बाहेर पायरीवर मी विचारलं होतं. तुझं मत त्यांच्या ढिगात होतं ना?"

सिल्वीनं ओगराळं पाण्यात बुडवलं आणि दगडांवर रिकामं केलं. वाफ उठली, कानांपर्यंत आली, आणि दोघांनीही माना खाली घातल्या. आयुष्यात तिनं आपलं मत कुणाला सांगितलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "होतं."

"वाटलंच मला." तो समाधानानं मागे टेकला. मग म्हणाला, "तेव्हाच सांगायचं होतंस, वेडे. चिडलो असतो, चार दिवस बोललो नसतो. मग आलोच असतो परत. एवढी वर्षं फुकट गेली नसती."

"चुकलंच माझं," सिल्वी म्हणाली, आणि त्याची पाठ घासून द्यायला सरकून बसली.